आमच्या बगॅसला भाव काय लावला? कंपनी निबंधकांना सोलापुरातून एक खुले पत्र

प्रति,
मा. कंपनी निबंधक,
पुणे

महोदय,

सविनय नमस्कार.

सोलापूर जिल्हा आपल्या कार्यक्षेत्रात येतो, म्हणून हे पत्र आपल्या नावाने लिहिते आहे. ते खुले ठेवते आहे, कारण यातला प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

मी सत्तावीस वर्षे सोलापुरात हिशेब लिहिते. सुरुवात अशोक चौकाजवळच्या एका टॉवेल कारखान्यात झाली, पुढे अक्कलकोट रोड एमआयडीसीत दोन ठिकाणी काम केले. आता चार-पाच कारखानदारांची पुस्तके घरूनच सांभाळते. माहेर मोहोळ तालुक्यातले. वडिलांचा चार एकर ऊस आहे आणि गेली काही वर्षे तो एका खासगी साखर कंपनीला जातो. गेल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा अण्णा म्हणाले, "कारखान्याची वही तुला बघता येती न्हवं? मग एवढंच बघून सांग, आपल्या चिपाडाला त्यांनी भाव काय लावलाय."

मला वाटले, तासाभराचे काम आहे. कंपनी कायद्याच्या कलम ३९९ प्रमाणे कोणीही नागरिक शुल्क भरून कंपनीने आपल्याकडे दाखल केलेली कागदपत्रे पाहू शकतो. पोर्टलवर शंभर रुपये भरले, तीन वर्षांचे ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि टिपा उतरवून घेतल्या आणि रात्री जेवण झाल्यावर वाचायला बसले. कंपनी साखर करते, बगॅस (म्हणजे अण्णांचे चिपाड) जाळून वीज तयार करून महावितरणला विकते, मोलॅसिसपासून (मळीपासून) इथेनॉल काढून तेल कंपन्यांना देते. शिवाय तिची एक सूतगिरणी आहे. उत्पन्नाच्या टिपेत या चारही गोष्टींची विक्री वेगवेगळी दिली होती. पण कोणत्या धंद्यात किती कमावले, कोणत्या धंद्यात किती मालमत्ता आणि किती देणी अडकली आहेत, एका धंद्याचा माल दुसऱ्याला कोणत्या भावाने गेला, याचा एक शब्दही सापडला नाही. शेवटच्या पानांवर एक ओळ होती. तिचा अर्थ असा की कंपनीचा मुख्य व्यवसाय साखर व तत्सम उत्पादनांचा असून तो एकच विभाग आहे, त्यामुळे विभागवार माहिती देण्याची गरज नाही. तिन्ही वर्षी तीच ओळ, स्वल्पविरामासकट. त्याखाली ऑडिटरची सही.

त्या एका ओळीसाठी हे पत्र आहे.

आपल्याला कायदा मी काय सांगावा, पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. कलम १२९ म्हणते की वित्तीय पत्रकांनी कंपनीची खरी आणि यथायोग्य स्थिती दाखवली पाहिजे आणि ती लेखा मानकांना, म्हणजे हिशेब मांडण्याच्या ठरलेल्या नियमांना, धरून असली पाहिजेत. अनेक धंदे एकत्र चालवणाऱ्या कंपन्यांसाठी लेखा मानक १७ आहे. ते १ एप्रिल २००१ पासून लागू झाले. सूचीबद्ध कंपन्यांना आणि २५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक नक्त मूल्य असलेल्या कंपन्यांना त्याऐवजी इंड एएस १०८ हे दुसरे मानक लागते. सीए मंडळी याला सेगमेंट रिपोर्टिंग म्हणतात. ढोबळ नियम असा की ज्या धंद्याचे उत्पन्न, नफा-तोटा किंवा मालमत्ता एकूणाच्या १० टक्के किंवा जास्त आहे, तो धंदा वेगळा दाखवायचा, आणि असे दाखवलेले विभाग मिळून बाहेरच्या गिऱ्हाइकांकडून आलेल्या उत्पन्नाचा निदान ७५ टक्के भाग झाकला गेला पाहिजे. एका विभागाकडून दुसऱ्याकडे माल गेला असेल तर त्याची किंमत कशाच्या आधारावर धरली हेही लिहायचे, आणि आधार बदलला तर तेही सांगायचे.

आता साखर, वीज, इथेनॉल आणि सूत हा एकच विभाग कसा? मानक सांगते की विभाग ठरवताना धोका आणि परतावा बघा, उत्पादन कसे होते ते बघा, गिऱ्हाईक कोण ते बघा, कोणत्या नियमांखाली धंदा चालतो ते बघा. साखर व्यापारी घेतात, तिचा बाजारभाव रोज हलतो. वीज एकच गिऱ्हाईक घेते, वर्षानुवर्षांच्या कराराने. इथेनॉलचा दर सरकार ठरवते. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवड्याभरात ती थोडी सैल झाली, तरी ज्या कंपन्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभारल्या होत्या त्यांचे धाबे दणाणले होते. त्या बंदीने विजेच्या विक्रीचे एक युनिटही कमी झाले नाही. यालाच वेगळा धोका म्हणतात. आणि सुताचा यातल्या कशाशी संबंध आहे, ते मला सत्तावीस वर्षे सुताच्या गावात हिशेब लिहूनही समजलेले नाही.

अण्णांचा प्रश्न मात्र इथे संपत नाही. उलट इथूनच सुरू होतो.

रंगराजन समितीने २०१२ मध्ये उसाच्या दरासाठी महसूल विभागणीचे सूत्र सुचवले आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यावर ऊसदर विनियमनाचा कायदा केला. साखर आणि बगॅस, मोलॅसिस, प्रेसमड या प्राथमिक उपउत्पादनांच्या उत्पन्नाचे ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के, असा शेतकऱ्याचा वाटा. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. सूत्राने काढलेला दर त्याहून जास्त निघाला तर वरचा फरक शेतकऱ्याला मिळायचा. आता बघा, बगॅस बाहेर विकला तर पावती असते, भाव दिसतो. पण कारखान्याने तोच बगॅस कुंपणातल्या कुंपणात स्वतःच्या वीज प्रकल्पाला दिला तर? मोलॅसिस पाइपातून स्वतःच्याच डिस्टिलरीत गेले तर? पावती नाही, बाजार नाही. तिथे भाव म्हणजे कंपनीच्या कार्यालयात कोणीतरी लिहिलेला आकडा.

एक टन उसातून साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. त्यातला बराचसा गाळपालाच वाफ द्यायला लागतो. समजा त्यातला १०० किलो उरला आणि वीज विकण्यासाठी जाळला. हिशेबात त्याचा दर टनाला हजार रुपयांनी कमी धरला, तर उसाच्या प्रत्येक टनामागे १०० रुपयांचे उत्पन्न साखरेच्या बाजूने कमी दिसते आणि विजेच्या नफ्यात जाऊन बसते. शेतकऱ्याचा ७० टक्के वाटा धरला तर टनामागे ७० रुपये. अण्णांचा ऊस एकरी चाळीस टन धरा, चार एकरांचे एकशे साठ टन. ११,२०० रुपये झाले. हा माझा कल्पित हिशेब आहे, त्या कंपनीने असे केले असे मी म्हणत नाही. केले की नाही हे कळायला मार्ग नाही, हीच माझी तक्रार आहे. विभागांमधल्या देवघेवीच्या किमतीचा आधार काय, एवढे एक वाक्य त्या टिपेत असते तर अण्णांना उत्तर मिळाले असते. कायद्याने ते वाक्य मागितले आहे. कंपनीने ते लिहिले नाही, ऑडिटरने विचारले नाही, आणि कागद आपल्या पोर्टलवर दाखल झाला.

सहकारी कारखान्यांबद्दल मी इथे बोलत नाही. ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येतात, त्यांचे सभासद वार्षिक सभेत उभे राहून विचारू शकतात, आणि त्यांच्या अडचणींचे पत्र वेगळे होईल. पण आमच्या जिल्ह्यात खासगी कारखाने वाढत गेले तसा ऊस घालणारा माणूस सभासद उरला नाही, नुसता माल देणारा झाला. त्याला सभा नाही, मत नाही. त्याच्या हातात आपल्याकडे दाखल होणारा कागद तेवढा उरला आहे.

कंपन्यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात, आणि दोन्ही मी माझ्या मालकांच्या तोंडून ऐकल्या आहेत. पहिली अशी की विभागवार आकडे काढणे खर्चिक आहे. हे मला मान्य नाही, कारण ते आकडे काढणाऱ्यांपैकी मी एक आहे. बँकेकडे कॅश क्रेडिट वाढवून मागताना जो सीएमए डेटा द्यावा लागतो, त्यासाठी टॉवेलचे वेगळे, सुताचे वेगळे, भाड्याचे वेगळे असे मी रात्र रात्र बसून काढले आहे. डिस्टिलरीसाठी कर्ज घेताना त्या एका प्रकल्पाचा पुढच्या काही वर्षांचा नफा-तोटा, परतफेड, सगळे बँकेला द्यावे लागते. साखर आणि औद्योगिक अल्कोहोल तर परिव्यय लेखापरीक्षेच्या (कॉस्ट ऑडिटच्या) नियमांत नावानिशी आहेत. कलम १४८ प्रमाणे मोठ्या कारखान्यांना मालवार उत्पादनखर्च काढून परिव्यय लेखापालाकडून तपासून घ्यावा लागतो आणि तो अहवाल केंद्र सरकारकडे जातो. भागधारकाच्या किंवा शेतकऱ्याच्या हाती तो येत नाही. म्हणजे आकडे आहेत. बँकेला दिलेले आहेत, सरकारला दिलेले आहेत. नोंदवहीत मात्र "एकच विभाग".

इंड एएस १०८ ची पळवाटही इथेच आहे, आणि ती मोठ्या कंपन्या वापरतात. ते मानक म्हणते की कंपनीत अंतिम निर्णय घेणारा माणूस ज्या पद्धतीने धंदा विभागून बघतो, त्याच पद्धतीने बाहेर दाखवा. मग कंपनी सांगते की आमचे साहेब सगळे एकत्रच बघतात. माझा अनुभव असा की कोणताही मालक सगळे एकत्र बघत नाही. सकाळी सातला फोन करून तो कालची रिकव्हरी विचारतो, मग किती युनिट वीज गेली ते विचारतो, मग डिस्टिलरीचे लिटर. संचालक मंडळासमोर ठेवलेले कागद आणि महिन्याचे अहवाल मागवले तर साहेब कसे बघतात ते एका दिवसात कळेल.

दुसरी गोष्ट अशी सांगतात की प्रतिस्पर्ध्याला आमचा नफा कळतो. यात थोडे तथ्य आहे. चादर-टॉवेलच्या धंद्यात पाच-पाच रुपयांवरून गिऱ्हाईक तुटते, हे मी पाहिले आहे. पण सूचीबद्ध कंपन्या सेबीच्या नियमाने दर तिमाहीला विभागवार निकाल छापतात. त्यांचा धंदा त्यामुळे बंद पडलेला नाही. जो नियम वर्तमानपत्रातल्या मोठ्या साखर कंपन्यांना चालतो, तो मोहोळ-माढ्याचा ऊस गाळणाऱ्या बिगरसूचीबद्ध कंपनीला का चालू नये?

इथे एक गोष्ट आपल्या अधिकाराबाहेरची, पण दिल्लीच्या कंपनी व्यवहार मंत्रालयापर्यंत आपण पोहोचवावी अशी. छोट्या आणि मध्यम कंपन्यांना लेखा मानक १७ मधून सूट आहे. २००६ च्या नियमांत ही मर्यादा ५० कोटी उलाढाल आणि १० कोटी कर्ज अशी होती. २०२१ च्या नियमांनी ती २५० कोटी उलाढाल आणि ५० कोटी कर्ज अशी वाढवली. दिल्लीत बसून २५० कोटी लहान दिसत असतील. सोलापुरात २५० कोटींची कंपनी म्हणजे शेकडो घरांची चूल. तीस यंत्रमागांच्या शेडवाल्याला या कटकटीत ओढावे असे मी कधीच म्हणणार नाही. त्याचा हिशेबनीस म्हणजे बहुतेक वेळा माझ्यासारखी एकटी बाई. पण टॉवेल, हॉटेल, सौरऊर्जा आणि जागांची खरेदी-विक्री एकाच कंपनीत करणाऱ्याला "लहान" म्हणून सोडणे चुकीचे आहे. तिथे टॉवेलच्या कामगाराला सांगतात की यंदा धंदा बसला, बोनस किमान ८.३३ टक्केच. धंदा कुठला बसला? टॉवेलचा की जागांचा? कामगाराने कोणाला विचारायचे?

या शहराला हा विषय नवा नाही, म्हणून जरा मागे जाते. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, आमची जुनी गिरणी, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास तिच्यासाठी वटहुकूम काढून कारभार हातात घेतला आणि मग त्याचा कायदा केला. गैरव्यवस्थापन आणि हेळसांड यांमुळे उत्पादनाला फटका बसला आणि मोठी बेकारी झाली, असे कारण त्यात लिहिले होते. चिरंजितलाल चौधरी नावाचे एक भागधारक त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये ते हरले. पुढे सरकारने नेमलेल्या संचालकांनी अग्रहक्क भागांवर (प्रेफरन्स शेअरवर) प्रत्येकी ५० रुपये मागितले तेव्हा द्वारकादास श्रीनिवास उभे राहिले आणि डिसेंबर १९५३ मध्ये जिंकले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही दोन्ही प्रकरणे मूलभूत हक्कांसाठी शिकवतात. मी ती वाचली तेव्हा माझे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. निकालांत भागधारकाचे हक्क आहेत, सरकारचे अधिकार आहेत. पण हा सगळा वाद भोंगा बंद झाल्यानंतरचा आहे. माझे आजेसासरे त्या गिरणीत साच्यावर होते. गिरणी आतून कशी चालली आहे, हे त्यांना फाटकावर नोटीस लागली त्या दिवशी कळले.

त्या वेळी सरकारला एका गिरणीसाठी वटहुकूम काढावा लागला. आज आपल्याला एक पत्र पाठवून विचारता येते. कलम २०६ प्रमाणे निबंधक दाखल झालेला कागद वाचून अधिक माहिती आणि खुलासा मागू शकतो, त्याने समाधान झाले नाही तर पुस्तके तपासू शकतो, चौकशी करू शकतो. कलम १२९ मोडले तर वित्त सांभाळणाऱ्या संचालकांना एक वर्षापर्यंत कैद किंवा ५० हजार ते पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, असे कायदा म्हणतो. मला कोणाला तुरुंगात पाठवायचे नाही. कलम १३१ मध्ये सोपी वाट आहे: पत्रके कायद्याला धरून नव्हती असे संचालकांना दिसले तर न्यायाधिकरणाच्या परवानगीने मागच्या तीन वर्षांपर्यंतची सुधारून देता येतात. आपले एक पत्र गेले तर अनेक संचालकांना ते दिसेल, याची मला खात्री आहे.

उशिराच्या बाबतीत आपले खाते किती कडक आहे हे मी भोगले आहे. एओसी-४, म्हणजे ताळेबंद दाखल करायचा फॉर्म, उशिरा भरला की दिवसाला १०० रुपये, या फॉर्मला वेगळे आणि वार्षिक विवरणाला वेगळे. २०१७ मध्ये देशभरात दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली गेली, ती मुख्यतः वर्षानुवर्षे काहीच दाखल न केल्याबद्दल. ते योग्यच झाले. पण वेळेवर भरलेला आणि आत रिकामा असलेला कागद आजही विनाअडथळा जातो. राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण २०१८ पासून आहे, पण बिगरसूचीबद्ध कंपनीची उलाढाल हजार कोटी, किंवा भागभांडवल वा कर्ज पाचशे कोटी असेल तरच ते तिच्या ऑडिटकडे बघते. आमच्या जिल्ह्यातल्या त्याखालच्या कंपन्यांना वाचणारे आपल्याशिवाय कोणी नाही.

म्हणून माझी विनंती अशी. सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या खासगी साखर कंपन्या वीज आणि इथेनॉलही विकतात आणि तरी "एकच विभाग" लिहितात, त्यांच्या मागच्या तीन वर्षांच्या टिपा काढून वाचाव्यात. यादी फार लांब होणार नाही. त्यांना कलम २०६ खाली विचारावे की बँकेला दिलेले प्रकल्पवार आकडे, मंडळासमोर ठेवलेले मासिक अहवाल आणि परिव्यय लेखापरीक्षा अहवाल आम्हाला दाखवा, आणि यात जे वेगवेगळे आहे ते ताळेबंदात एक कसे झाले ते सांगा. कॅरो २०२० या ऑडिटरच्या अहवालाबद्दलच्या आदेशाप्रमाणे पाच कोटींवरचे खेळते भांडवल घेणाऱ्या कंपनीच्या ऑडिटरला बँकेला दिलेली तिमाही पत्रके पुस्तकांशी जुळतात का, हे आधीच लिहावे लागते. त्याचे उत्तर आपल्याकडे दाखल असलेच पाहिजे. बगॅस आणि मोलॅसिस आतल्या आत कोणत्या आधाराने दिले, याचा जो खुलासा येईल तो पुण्यातच साखर संकुलात बसणाऱ्या साखर आयुक्तांना कळवावा, म्हणजे ऊसदराच्या सूत्रात धरलेला भाव आणि ताळेबंदातला भाव एकमेकांशेजारी ठेवून पाहता येईल. दोन कार्यालये एकाच शहरात आहेत.

मी उतरवून घेतलेले तीन वर्षांचे कागद, जिथे खूण करायची तिथे खूण करून, एका फायलीत लावून ठेवले आहेत. आपल्या कार्यालयाने बोलावले तर पहाटेच्या गाडीने येईन. कंपनीचे नाव इथे लिहिले नाही, कारण तिचे म्हणणे आपण आधी ऐकावे.

अण्णा आता ७८ वर्षांचे आहेत. फोनवर ते तोडीची चिठ्ठी आली का नाही ते सांगतात आणि शेवटी विचारतात, "ते चिपाडाचं बघितलंस का गं?" मी म्हणते, बघतेय.

आपली विश्वासू,
मोहोळची लेक, सोलापूरची हिशेबनीस